दोन व्याही आणि समुद्राकाठचा डोंगर

दुसऱ्याला मान दिल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही असा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. बाकीचे लोक मान देतात तो समारंभापुरता. लग्नात टोपी-उपरणं, दिवाळीत फराळाचा डबा, संपलं. आमचे व्याही बारा महिने तेरा काळ मान देतात, आणि जो सापडेल त्याला देतात. त्यातून समोरचा माणूस मुलीच्या सासरचा असला की त्यांच्या पाठीला आपोआप बाक येतो. मी मुलाचा बाप. त्यांच्या लेखी देवाच्या खालोखाल माझा नंबर लागतो, आणि देव दिसत नाही, मी दिसतो, म्हणून पुष्कळदा माझाच आधी लागतो. हे ऐकायला गोड वाटतं. मलाही पुष्कळ दिवस गोड वाटलं. आता जे सांगणार आहे ते मात्र मला शोभणारं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ते मला इवाईबुवा म्हणतात आणि प्रत्येक वाक्याला ‘जी’ लावतात. लग्न ठरवायला आम्ही सौंसरला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा बसल्या बसल्या मी म्हटलं, "यंदा ऊन फार आहे." ते लगेच म्हणाले, "लय हाय जी." माझा मेहुणा शेजारीच होता. तो म्हणाला, "छे, मागच्या सालापेक्षा कमीच आहे." व्याह्यांनी क्षणभर विचार केला. आम्ही दोघेही वरपक्षाचे. "सकाळी कमी असते जी," ते मेहुण्याला म्हणाले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग इवाईबुवा म्हणतात तसं वाढते." हा माणूस न्यायाधीश झाला असता तर वादी आणि प्रतिवादी दोघेही खटला जिंकून घरी गेले असते.

त्यांची संत्र्याची बाग सौंसरहून रामाकोन्याच्या वाटेवर आहे. फळांचा तोडा सुरू झाला की पहिली पेटी पांढुर्ण्याला आमच्याकडे येते. प्रत्येक फळ हातात घेऊन पारखलेलं, धोतराच्या सोग्याने पुसलेलं. स्वतः ते झाडाखाली गळलेली फळं खातात. एकदा पेटी पोचल्यावर त्यांचा फोन आला, "गोड निघाले का जी?" मी गंमत म्हणून म्हटलं, "गोड आहेत, एखाददुसरं जरा आंबट लागलं." "बरं जी," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते स्वतः हजर. उरलेली फळं त्यांनी एकेक करून पाहिली, सालीवरून ती कोणत्या ओळीतल्या झाडांची हे ओळखलं, आणि त्या ओळीचं फळ त्यानंतर आमच्या घरी कधी आलं नाही. ती झाडं अजून उभी आहेत. बागेत गेलो की मी त्यांच्याकडे पाहायचं टाळतो. माझ्या एका वाक्याने बिचाऱ्यांची अब्रू गेली.

या माणसाला आभाळ वाचता येतं, हेही सांगायला हवं. मी भूगोलाचा मास्तर. तीस वर्षं मी मुलांना वारे, पाऊस, आवर्त-प्रत्यावर्त शिकवलं, पण आभाळाकडे पाहून मला दिवस की रात्र एवढंच कळतं. एका फेब्रुवारीत मी त्यांच्या बागेत गेलो होतो. लखलखीत ऊन. ते एकाएकी थांबले, उत्तरेकडे तोंड केलं, नाकपुड्या फुगवल्या आणि म्हणाले, "उद्या दुपारून गार पडन." मी हसलो. मोबाइलवरचा अंदाज काढून दाखवला. "मंग नाही पडन जी," ते तात्काळ म्हणाले, "याच्यात लिहून हाय तं." पण मी चहाला बसलो तेवढ्यात त्यांनी गड्याला खूण करून रोपवाटिकेतली सगळी कलमं झाकून घेतली. दुसऱ्या दिवशी लिंबाएवढ्या गारा पडल्या. संध्याकाळी त्यांचा फोन, "थोडीशीच पडली जी. न पडल्यासारखीच." घराची अर्धी कौलं फुटली होती, हे मला पुढे विहीणबाईंकडून कळलं.

दोन वर्षांमागे मे महिन्यात आम्हा दोघांना नॉर्वेला जाण्याचा योग आला. मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीसाठी तिकडे राहतात, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात. आमच्या दोघांच्या बायकांनी विमानात बसायला एकमुखाने नकार दिला. दोन व्याही निघाले. निघण्याआधी ते जामसांवलीला जाऊन मारुतीचा शेंदूर पुडीत बांधून घेऊन आले आणि मी जुनं भूगोलाचं पुस्तक चाळून घेतलं. नॉर्वेचा किनारा मी तीस वर्षं फळ्यावर काढला होता. काढला म्हणजे काय, खडू थरथरवत वरून खाली आणला की झाला नॉर्वेचा किनारा. तो आता प्रत्यक्ष पाहायचा होता.

तिकडे पोचल्यावर पहिल्याच दिवशी पेच उभा राहिला. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी अन्नपाणी घेऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत. आता ती कोणी पाळत नाही. व्याही पाळतात. त्यांच्या पेटीत कपडे एका कोपऱ्यात होते आणि बाकी सातू, चिवडा, भाजलेले पोहे, लाडू. खाण्याची सोय झाली, पण पाण्याचं काय? नळ मुलीच्या घरचा. सूनबाई रडकुंडीला आली. व्याह्यांनी तिला समजावलं, आपला पितळी गडू गॅलरीत नेऊन ठेवला, आणि त्या गावात दिवसातून दहा वेळा पडणारा पाऊस त्यात भरू दिला. "हे देवाघरचं पाणी हाय माय," ते म्हणाले, "कोणाच्या घरचं नाही." तीन दिवस ते पावसाच्या पाण्यात सातू कालवून खात होते. शेजारची नॉर्वेजियन बाई आपल्या गॅलरीतून हा प्रकार पाहायची आणि आदराने मान झुकवायची. व्याहीही तिला उलट मान झुकवायचे. चौथ्या दिवशी माझ्याच्याने पाहवेना. मी पाट मांडल्यासारखी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "हे घर माझ्या मुलाचं आहे. मी वरबाप तुम्हाला वाढतो आहे. नाही म्हणाल तर माझा अपमान होईल." ते फार अडचणीत आले. शेवटी डोळे मिटून जेवले. पाचव्या दिवसापासून उघड्या डोळ्यांनी जेवू लागले, पण मी बसल्याशिवाय नाही. माझा शब्द या माणसावर कसा चालतो ते मला त्या दिवशी पुरतं कळलं, आणि ते कळायला नको होतं असं आता वाटतं.

घरात एक कुत्रा होता. करडा, दाट केसांचा, शेपटीचं वेटोळं पाठीवर ठेवलेलं, लांडग्याच्या चुलत घराण्यातला दिसायचा. नाव ब्योर्न. तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ अस्वल. आपल्याकडे कुत्र्याला हाड म्हणतात. पण हा कुत्रा जावयाचा, म्हणजे वरपक्षाचा. व्याह्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो सुरू केलं. "या जी ब्योर्नजी, बसा." "ब्योर्नजी, तुमचं जेवण झालं काय?" दारातून आत येताना कुत्रा मागे असला तर हे बाजूला होऊन त्याला आधी वाट देत. मुलगा हसून लोळायचा. पण त्या कुत्र्याने घरात दुसऱ्या कोणाचं इतकं ऐकलं नाही. मुलाने नॉर्वेजियनमध्ये तीनदा ओरडून सांगितलं तरी हलायचा नाही, आणि व्याही हळूच म्हणाले, "थोडं सरकता का जी," की सरकायचा.

गावाच्या मागे डोंगर होता. समुद्राच्या पाण्यातून निघालेला तो थेट ढगात गेलेला. परतायला चार दिवस उरले होते. आमच्या शाळेतल्या निवृत्त मास्तरांचा मोबाइलवर एक गट आहे, आणि आदल्या दिवशी मी त्यावर लिहून बसलो होतो, की उद्या या डोंगराच्या माथ्यावरून फोटो पाठवतो. सकाळी कामावर निघताना मुलाने बजावलं, "बाबा, आज दुपारपासून हवा फार बिघडणार आहे. डोंगराचं शनिवारी पाहू. मी सोबत येतो." मी हो म्हटलं. ते दोघं गेले. मी गॅलरीत आलो तर व्याही तिथे उभे होते, समुद्राकडे तोंड करून, नाकपुड्या फुगवून. त्या उभं राहण्याचा अर्थ मला माहीत होता. त्यांना विचारून उपयोग नव्हता, माझ्या मनात काय आहे ते ओळखून त्यांनी तेच उत्तर दिलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे नुसतं पाहिलं असतं तरी मला कळलं असतं. मी पाहिलं नाही. पाठीमागूनच म्हटलं, "चला, डोंगरावर जाऊन येऊ."

"आता जी?"

"आत्ता. मुलगा म्हणत होता, सकाळचं चांगलं असतं."

मुलगा असं काही म्हणाला नव्हता.

"तुम्ही म्हणान तसं जी," व्याही म्हणाले आणि बूट घालायला गेले.

मी मुलाचं जाड जाकीट चढवलं. त्यात वारा शिरत नाही, पाणी शिरत नाही. त्यांच्या अंगात स्वेटर होता, आणि वरून त्यांनी बागेतून आणलेली प्लास्टिकची खोळ घेतली, पावसात आपल्याकडे शेतात जाताना डोक्यावरून घेतात ती. ब्योर्नला घेतलं. पहिला अर्धा तास फार मजेचा गेला. ओलं शेवाळ, बुटकी झाडं, खाली गावाची लाल-पांढरी घरं, आणि माझी जीभ मोकळी. हिमनदीने दरी कशी खोदली, समुद्र आत कसा शिरला, हे मी त्यांना पाठ आल्यासारखं सांगत होतो आणि ते "असं हाय काय जी" म्हणून ऐकत होते. वाट चुकू नये म्हणून तिकडे दगडांवर लाल रंगाची खूण काढलेली असते. ती दिसली की मी काठी टेकून तिच्याबद्दलही दोन शब्द बोलायचो.

मग झाडं संपली आणि वारा आला. आपल्याकडचा वारा येतो आणि जातो. हा आला तो तिथेच राहिला. समुद्राकडून धुकं चढत आलं, पाऊस आडवा लागू लागला, आणि दहा हातांपलीकडचं दिसेना. मी पुढे होतो. एका ठिकाणी वाट फुटल्यासारखी वाटली. मी डावीकडे वळलो आणि ब्योर्न खाली बसला. मी पट्टा ओढला, तो हलेना.

"थकला," मी म्हटलं.

"थकले नाही जी ते," व्याही वाऱ्यात ओरडून म्हणाले. "ते नाही म्हणून राहिले."

त्यांच्या तोंडून मला विरोध म्हणावा असं वाक्य आजवर एवढंच निघालं आहे, आणि तेही कुत्र्याच्या नावावर. मी थंडीने आणि भीतीने चिडलेला होतो. लाल खूण मला पाव तासापासून दिसली नव्हती. हे मी बोललो नव्हतो. त्यांनाही ती दिसली नव्हती, हे मला पुढे कळलं. तेही बोलले नव्हते. मी म्हटलं, "कुत्र्याचं ऐकायचं की माझं?"

आता सांगा, दोघेही वरपक्षाचे. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, ब्योर्नकडे पाहिलं. मग त्या पावसात खाली वाकून त्यांनी कुत्र्याला हात जोडले. "माफ करा जी ब्योर्नजी," ते म्हणाले, "याइचं ऐका लागते." आणि माझ्या मागे निघाले. कुत्रा थोडा वेळ तसाच बसून राहिला, मग उठून खालमानेने आमच्या मागे आला.

पन्नास-साठ पावलांवर जमीन संपली. धुकं क्षणभर फाटलं आणि माझ्या बुटाच्या टोकापुढे, खूप खाली, करडा समुद्र दिसला. मी मागे सरकायला गेलो, ओल्या दगडावर पाय निसटला, आणि मी आडवा होऊन घसरू लागलो. जाकिटाची टोपी कोणीतरी धरली. व्याह्यांनी मला वर ओढलं, ओढताना स्वतः खाली गेले, आणि पाच-सहा फुटांवर दोन दगडांच्या बेचक्यात त्यांचा पाय अडकला. म्हणून ते थांबले. त्यांना बेचक्यातून सोडवून मी मोठ्या दगडाच्या आडोशाला बसवलं तेव्हा पावलाचं तोंड भलतीकडे वळलेलं होतं.

"मोडला वाटते जी," ते म्हणाले, जणू चुकून माझीच काही वस्तू त्यांच्याकडून फुटली होती.

माझा फोन घरच्या वायफायपुरताच चालायचा. मदतीला माणूस आणायचा तर खाली उतरायला हवं, आणि मला वाट माहीत नव्हती. ते म्हणाले, "ब्योर्नजीले संगं घेऊन जा. त्याइले रस्ता ठाऊक हाय. मी बसतो इथंसा." कुत्रा त्यांना चिकटून बसला होता. त्या दाट केसांची ऊब त्यांना हवी होती, हे कोणालाही दिसलं असतं. पण कुत्र्याशिवाय मी उतरू शकत नव्हतो, तेव्हा एवढ्यापुरती मी स्वतःला माफी देतो. जाकिटाची देत नाही. जाकीट काढून त्यांच्या अंगावर घालायचं त्या घाईत माझ्या लक्षात आलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. लक्षात आलं होतं. चेनला हातही गेला होता. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि मी चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्यांनी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

ब्योर्नने मला खाली आणलं. तो वाटेत तीनदा थांबून मागे डोंगराकडे बघत उभा राहिला आणि तीनदा मी त्याला ओढलं. गावाच्या कडेला शेजारची गॅलरीतली बाईच भेटली. मला धड बोलता येईना. मी पावसात गडू ठेवल्यासारखा हात केला आणि डोंगराकडे बोट दाखवलं. तिला कळलं. तिने फोन केला, गावातली माणसं दोर आणि स्ट्रेचर घेऊन वर गेली, आणि अडीच तासांनी व्याह्यांना खाली आणलं. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. मला पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही बराबर पोचले ना जी?"

दवाखान्यात पायाला पट्टी बांधून त्यांना पलंगावर निजवलं होतं. सूनबाई कामावरून धावत आली. आधी बापाला पाहून रडली, मग डोळे पुसून ताठ झाली. "ह्यांनी नको म्हटलं होतं न? मग ही कोणाची अक्कल?" तिने विचारलं. मी तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलं होतं. पण पलंगावरून आवाज आला, "माही. तुहे सासरे नाही म्हणत होते. म्याच जिद केली."

मग सूनबाईने बापाला जे धारेवर धरलं, ते त्या स्वच्छ, पांढऱ्या, हळू बोलायच्या दवाखान्यात, शुद्ध सौंसरच्या भाषेत. "तुमाले समजते काय काही? घरी बसून सातू खाल्ला असता तं काय बिघडत होतं? माह्या सासऱ्याले काही झालं असतं तं मी तोंड कोणाले दाखवलं असतं?" व्याही मान खाली घालून "बराबर हाय तुहं," म्हणत होते. मुलगा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. कोणीतरी माझ्या हातात कागदी पेल्यात गरम कॉफी दिली होती. मी कॉफीवर फुंकर घातली. त्या दिवशी मी एवढंच केलं.

मास्तरांच्या गटावर मी लिहिलं, हवा बिघडल्याने फोटो काढता आला नाही.

व्याही आता लंगडतात. बागेत चाकरीला लावलेली माणसं झाडावर चढतात आणि हे खाली खाटेवर बसून कोणत्या फांदीचं फळ पांढुर्ण्याला जाईल ते बोटाने दाखवतात. याचंही मला इतकं लागलं नसतं. पण मागच्या वर्षी सूनबाईला मुलगा झाला. बाळंतपणाला तिने मला आणि हिला बोलावून घेतलं, हिने विमानाची भीती नातवासाठी गिळली. बापाला बोलावलं नाही. "बाबा ऐकत नाहीत हो मामाजी," ती मला म्हणाली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. "इथे बर्फ, कडे, समुद्र. परत कुठं निघून गेले म्हणजे? आणि तुम्हालाही ओढून नेतील." मूल झालं, मुलीच्या घरचं पाणी आता व्याह्यांना चालत होतं, आणि घरीच बोलावणं नव्हतं. नातू त्यांनी आजवर पाहिला तो विहीणबाईंच्या फोनमध्ये. फोन ते दोन्ही हातांनी धरतात.

आता नातवाचा पहिला वाढदिवस येतो आहे. पुन्हा आम्हालाच बोलावणं आलं. या खेपेला मला पेटी भरवेना. मी बस धरून सौंसरला गेलो, ओसरीवर त्यांच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "मी आज तिला खरं सांगणार आहे."

"काय खरं जी?"

"डोंगराचं."

ते घाबरले. मी त्यांना इतकं घाबरलेलं त्या कड्यावरही पाहिलं नव्हतं. "ते जुनं झालं जी," ते म्हणाले. "काहून उकरून राहिले? पोरीले आपल्या सासऱ्याचा अभिमान हाय. तो मोडला तं तिनं त्या घरात कोणाकडे पाहाव? बापाचं काय, बापाचं तं चालते." मी ऐकलं नाही. फोन लावला. पडद्यावर सूनबाई आली, मांडीवर नातू. मी सगळं सांगितलं. मुलाने नको म्हटलं होतं, मी खोटं बोललो, लाल खूण हरवल्याचं लपवलं, कुत्रा नाही म्हणत होता, तुझ्या बापाने मला वर ओढलं म्हणून त्याचा पाय मोडला, जाकीट माझ्या अंगावर होतं. ती ऐकत होती, तिचे डोळे भरले होते, आणि मला दोन वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटू लागलं होतं.

एवढ्यात व्याही खाटेवरून उठले आणि त्यांनी माझ्या हातून फोन काढून घेतला. माझ्या हातातली वस्तू न विचारता घेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. "पाहून राहिली ना बाई?" ते लेकीला म्हणाले. "देवमाणूस हाय तुहा सासरा. माही गलती आपल्या अंगावर घेऊन राहिले. म्या सकाळपासून हात जोडले, नका सांगू, नका सांगू. ऐकतच नाही."

सूनबाईने पदर नसलेल्या खांद्याला डोळे पुसले. "मामाजी," ती म्हणाली, "बाबांना तिकीट मिळावं म्हणून तुम्ही एवढं खोटं बोललात. हे मी जन्मात विसरणार नाही."

"खरं आहे ते," मी म्हटलं. "शप्पथ खरं आहे."

"हो हो," ती हसली. "पण त्यांना नका आणू. तुमचा जीव धोक्यात घालतील पुन्हा."

फोन बंद झाल्यावर व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आत तोंड करून चहा टाकायला सांगितलं, साखर जास्त घालायला सांगितलं. मी रागावलो असेन असं त्यांना वाटत होतं. मी रागावलो होतोच, पण त्यांच्यावर कसा रागावणार. चहा आला. मी तो प्यालो. त्या माणसाच्या हातून माझी दुसऱ्यांदा सुटका झाली होती, आणि मी दुसऱ्यांदा गप्प बसलो होतो.

म्हणून हे लिहून काढलं. सूनबाईची शाळा हिंदीत झाली. मराठी ती सावकाश वाचते, एकेका ओळीवर थांबत वाचते. थांबू दे. लिहिलेलं व्याह्यांना तिच्या हातातून मध्येच काढून घेता यायचं नाही. सूनबाई, नाही म्हणणारा त्या डोंगरावर एक कुत्रा होता आणि ज्याला नाही म्हणता आलं नाही तो तुझा बाप होता. बाकी जो होता तो मी. नातवाच्या वाढदिवसाला घरात एकच आजोबा येणार असतील, तर ते कोण असावेत, हे तू हे वाचून ठरव. मी पांढुर्ण्यात बसून फोनवर पाहीन.